खंडेनवमीला जुनी तलवार घासण्याआधी हे वाचा

ज्यांना भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिहिलेला मजकूर. निवांत वाचा.

मागच्या आठवड्यात पिपरी मेघेहून एका श्रोत्यानं फोटो पाठवला. घरातल्या जुन्या पेटीत तलवार सापडलेली, आणि खाली एकच ओळ : "भाऊ, खंडेनवमी जवळ आली. पॉलिश पेपरनं घासू का चिंच लावू?" मी लगेच फोन केला. म्हटलं, "थांब. काहीच लावू नको." का थांबायचं, ते आज सांगतो.

वर्धा म्हटलं की सेवाग्राम आणि चरखा आठवतो. मग इथं तलवार कुठून आली? वर्धा जिल्हा झाला १८६२ मध्ये. त्याआधी हा भाग नागपूरकर भोसल्यांचा होता. त्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं. त्यामुळे आपल्याकडे एखाद्या घरात जुनी तलवार, कट्यार किंवा भाल्याचं पातं निघालं, तर नवल नाही.

आता याच घराण्याची एक तलवार बघा. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजीराजे यांची तलवार महाराष्ट्र सरकारनं ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ती रघुजीराजांची, हे कळलं कशावरून? पात्याच्या पाठीवर, म्हणजे धार नसलेल्या जाड कडेवर, देवनागरीत त्यांचं नाव आणि 'सेनासाहेब सुभा' ही पदवी आहे. कुणी ती कड चकचकीत करण्यासाठी घासली असती, तर लिलावात ती नुसती 'एक जुनी मराठा तलवार' म्हणून गेली असती.

तलवार ओळखायची कशी? पहिला नियम : मूठ आणि पातं वेगवेगळं वाचायचं. दोन्ही एकाच गावचं, एकाच काळाचं असेलच असं नाही. रघुजीराजांच्या तलवारीचं पातं युरोपी घडणीचं आणि मूठ आपल्याकडची. अशा तलवारीला 'फिरंग' म्हणतात. समुद्रापलीकडून नुसती पाती यायची, आणि इथले कारागीर त्यांना आपल्या हाताला सोयीची मूठ बसवायचे.

दुसरं, आकार. पातं वाकडं आणि मुठीच्या टोकाला गोल चकती असेल, तर ती बहुतेक नेहमीची तलवार. लांब, सरळ पातं असेल तर धोप किंवा फिरंग. मुठीऐवजी कोपरापर्यंत हात झाकणारं लोखंडी आवरण असेल, तर तो पट्टा.

तिसरं, छाप. काही युरोपी पात्यांवर धावत्या लांडग्याची किंवा विळ्यासारख्या कोरींची खूण असते. पण सावध राहा. या खुणा इतक्या मानाच्या होत्या की आपल्याकडच्या लोहारांनीही त्या उठवल्या. छाप दिसला म्हणून पातं परदेशी ठरत नाही.

चौथं, सोन्याची नक्षी. कोफ्तगरीत कारागीर आधी पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओरखडतो आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतो. जिथं सोनं झिजलंय, तिथं फोन झूम करून बघा. खाली त्या रेघा दिसल्या तर काम जुन्या पद्धतीचं. नुसता रंग किंवा मुलामा असेल तर रेघा नसतात.

पाचवं, जाडी. हातानं घडवलेलं पातं सहसा मुठीजवळ जाड असतं आणि टोकाकडे पातळ होत जातं. दुकानातली शोभेची तलवार पत्र्यातून कापलेली असते, म्हणून बहुतेक वेळा सगळीकडे सारखीच जाड.

हे काही फक्त आपल्याकडचं नाही. बोर्निओ बेटावर दायक लोकांचा मांडाऊ असतो. त्याच्या पात्याची एक बाजू फुगीर आणि दुसरी किंचित खोलगट, त्यामुळे तो उजव्या हाताचा की डाव्या हाताचा हे पात्यावरूनच कळतं. कुणी दोन्ही बाजू घासून सपाट केल्या, तर ओळखच गेली.

आता घासण्याचं. पॉलिश पेपरनं गंज जातो, पण त्याबरोबर अक्षरं, छाप आणि पोलादाच्या अंगची लाटांसारखी नक्षीही जाते. चिंच-लिंबाचं आम्ल पोलाद खातं. गरम पाण्यात तर बुडवूच नका. बऱ्याच जुन्या मुठींत पातं राळेसारख्या मसाल्यात बसवलेलं असतं, उष्णतेनं ते ढिलं होतं.

मग करायचं काय? मऊ कोरड्या फडक्यानं धूळ पुसा. शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. उघड्या हातानं पात्याला शिवू नका, घामातल्या मिठानं गंज चढतो. ओल धरणाऱ्या चामडी म्यानात ठेवू नका. पूजेला तलवार पाटावर ठेवा आणि हळद-कुंकू, पाणी, फुलं पाटावर वाहा, पात्यावर नको. फोटो काढताना फ्लॅश बंद करा आणि एका बाजूनं टॉर्च मारा. तिरप्या उजेडात कोरलेलं उठून दिसतं. शेजारी मोजपट्टी ठेवा आणि पाठीचा फोटो विसरू नका. तुलना करायची असेल तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, शस्त्रं बघायला मिळतात.

कायद्याचंही ऐका. तलवार १९५९ च्या शस्त्र कायद्यात येते, म्हणून घरात ठेवण्याचे नियम पोलिस ठाण्यात विचारून घ्या. रीलसाठी रस्त्यावर नाचवली तर गुन्हा दाखल होऊ शकतो. १०० वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होतो. अशी वस्तू तुम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिच्या व्यापाराला परवाना लागतो.

काल त्या श्रोत्याचा दुसरा फोटो आला, टॉर्च तिरपी धरून काढलेला. पात्याच्या पाठीवर काहीतरी आहे. अक्षरं आहेत की नुसते ओरखडे, हे अजून ठरलेलं नाही. घासली असती तर हा प्रश्नच उरला नसता.

तुमच्याकडे असं काही असेल तर फोटो पाठवा. फक्त आधी घासू नका. भेटू पुढच्या भागात!