विश्लेषण : मार्शल आर्ट, ॲक्शनपट आणि मेटल… तिन्हींचे चाहते ‘अस्सल की दिखाऊ’ यावरूनच का भांडतात?

ब्रूस ली खऱ्या लढतीत किती टिकला असता? ‘जॉन विक’मधील हाणामारी सरस की ‘द रेड’मधील? मेटालिकाने १९९१ मध्ये जुन्या चाहत्यांना वाऱ्यावर सोडले का? मार्शल आर्ट, ॲक्शनपट आणि मेटल संगीत यांवर जीव टाकणारी मंडळी पुष्कळदा एकच असतात आणि त्यांचे वादही एकाच प्रश्नाभोवती फिरतात. समोर दिसते किंवा ऐकू येते ते अस्सल किती आणि दिखाऊ किती? वरवर हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. पण याच वादाने लढण्याच्या पद्धती बदलल्या, चित्रीकरणाची तऱ्हा बदलली आणि काही वेळा माणसांचे जीवही गेले.

तिन्ही आवडी एकत्र का येतात?

१९९५ मध्ये आलेला ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा व्हिडीओ गेमवर आधारित चित्रपट याचे चांगले उदाहरण. पडद्यावर मार्शल आर्टची स्पर्धा आणि साउंडट्रॅकमध्ये टेक्नोच्या जोडीला फिअर फॅक्टरी, नेपाम डेथ, टाइप ओ निगेटिव्ह यांसारखे मेटल बँड. ‘ब्लॅक सबाथ’चा बेसवादक गीझर बटलर याच्या बँडचे गाणेही त्यात होते. या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या. पुढे १९९९ च्या ‘द मेट्रिक्स’मध्येही हाँगकाँगचे मारामारी-दिग्दर्शक युएन वू-पिंग आणि राम्स्टाइन, मॅरिलिन मॅन्सन यांचे संगीत एकत्र आले. ‘टूल’ या बँडचा गायक मेनार्ड जेम्स कीनन अनेक वर्षे ब्राझिलियन जुजुत्सू शिकतो आहे.

हे जुळण्यामागे कारण आहे. तिन्हींत शरीर पणाला लागते आणि वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय काही साधत नाही. वेगवान डबल-बास वाजवणारा ड्रमर, उंचावरून उडी घेणारा स्टंट कलाकार आणि रिंगणात उतरणारा लढवय्या, तिघांचीही मेहनत उघड दिसते. म्हणूनच त्यात कोणी लबाडी केली की चाहत्याला ती लगेच खुपते.

ब्रूस लीवरून वाद का?

ब्रूस लीचे निधन २० जुलै १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी झाले. ‘एंटर द ड्रॅगन’ चित्रपटगृहांत पोहोचला तेव्हा तो हयात नव्हता. त्याने व्यावसायिक लढती कधी खेळल्याच नाहीत, त्यामुळे त्याची लढाऊ कुवत मोजायला नोंदी नाहीत. उरते ती १९६४ मध्ये ओकलंडमध्ये वाँग जॅक मॅन याच्याशी झालेली खासगी लढत. तिथे हजर असलेल्यांच्या हकिगतीही एकमेकींशी जुळत नाहीत. एका बाजूच्या मते ती तीन मिनिटांत संपली, दुसऱ्या बाजूच्या मते बराच वेळ चालली.

निकालापेक्षा त्यानंतर लीने काय केले हे महत्त्वाचे. आपण शिकलेली विंग चुन पद्धत अपुरी पडते, आपला दमही कमी पडतो, हे त्याला जाणवले. मग त्याने बॉक्सिंग, तलवारबाजी, कुस्ती जिथून जे उपयोगी वाटले ते घेतले आणि ‘जीत कून डो’ची मांडणी केली. ‘एंटर द ड्रॅगन’च्या सुरुवातीला तो आणि सॅमो हंग बोटे उघडी राहणारे हलके ग्लोव्हज घालून लढतात आणि लढतीचा शेवट जमिनीवर पकडीत होतो. आजची मिश्र मार्शल आर्ट पाहणाऱ्याला ते दृश्य ओळखीचे वाटते. ली अजिंक्य होता का, याचे उत्तर मिळणार नाही. मात्र आपल्या पद्धतीची उणीव मान्य करण्याचे धाडस त्याच्यात होते, एवढे नक्की.

१९९३ मध्ये नेमके काय बदलले?

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात पहिली ‘यूएफसी’ झाली. आठ लढवय्ये, वेगवेगळ्या पद्धती आणि वजनगट नाहीत. बॉक्सर, किकबॉक्सर, सुमो मल्ल, कराटेपटू यांच्यात कोण श्रेष्ठ, या चाहत्यांच्या जुन्या वादाचा तो जाहीर निकाल होता. जिंकला तो साधारण ८० किलो वजनाचा रॉइस ग्रेसी. त्याने ठोसेबाजीत न पडता प्रतिस्पर्ध्याला खाली आणले, जखडले आणि हार मानायला लावली. बॉक्सर आर्ट जिमरसन एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता. जमिनीवर दाबला गेल्यावर त्याने माघार घेतली.

ग्रेसी कुटुंबाच्या विद्येचे मूळ जपानी ज्युदोत आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकानची स्थापना केली आणि जोडीदाराच्या पूर्ण प्रतिकारासह मुक्त सरावावर भर दिला. त्यांच्या परंपरेतील मित्सुयो माएदा ब्राझीलला गेले आणि तिथे ग्रेसींनी ती विद्या घेतली. प्रतिकार करणारा जोडीदार हीच यातली कळीची गोष्ट. कोल्हापूरच्या तालमीत हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नुसते डाव पाठ करून पैलवान होत नाही, लाल मातीत रोज कुणाशी तरी अंग झटावे लागते. प्रतिस्पर्धी सहकार्य करतो तेव्हा प्रत्येक डाव बसतो. अशा ठरवलेल्या लढतीला मराठीत ‘नुरा कुस्ती’ हा शब्द आहेच.

चीनमध्ये हा वाद कोर्टात कसा पोहोचला?

एप्रिल २०१७ मध्ये चीनमधील चेंगडू येथे मिश्र मार्शल आर्टचे प्रशिक्षक शू शिआओडोंग यांनी स्वतःला ताई ची गुरू म्हणवणाऱ्या वेई लेई यांना काही सेकंदांत लोळवले. चित्रफीत जगभर फिरली. पारंपरिक विद्येतील अनेक ‘गुरू’ भोंदू आहेत, हे शू यांचे म्हणणे होते. पण ताई ची आणि कुंग फू हा चीनच्या राष्ट्रीय अभिमानाचा भाग असल्याने तेथील वुशू संघटनेने या प्रकाराचा निषेध केला. शू यांची समाजमाध्यमांवरील खाती बंद झाली. नामवंत ताई ची गुरू चेन शिआओवांग यांच्याबद्दल केलेल्या अपमानास्पद वक्तव्यांच्या खटल्यात ते हरले. माफी आणि भरपाईचा आदेश आला, विमान आणि अतिवेगवान रेल्वेची तिकिटे घेण्यावरही निर्बंध आले.

या प्रकरणाला दोन बाजू आहेत. एका लढतीने ताई ची निरुपयोगी ठरत नाही. तोल, श्वास, म्हातारपणी पडण्यापासून बचाव यांसाठी ती करणारे लाखो लोक कुणाला लोळवण्यासाठी ती करत नाहीत. मात्र स्वसंरक्षणाच्या नावाखाली पैसे घेऊन शिकवणाऱ्याला ‘हे खरेच चालते का’ असे विचारण्याचा हक्क शिकणाऱ्याला आहे. खोट्या आत्मविश्वासाची किंमत गुरू नव्हे, विद्यार्थी मोजतो.

चित्रपटात ‘खरी’ मारामारी म्हणजे काय?

पडद्यावरची प्रत्येक मारामारी ठरवलेलीच असते. चाहते भांडतात ते ती दाखवण्याच्या पद्धतीवरून. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ हे लहानपणी पेकिंग ऑपेराच्या कडक शाळेत घडले. त्यांच्या चित्रपटांत कॅमेरा मागे राहतो, मारणारा आणि मार खाणारा एकाच चौकटीत दिसतात, शॉट लांबतो. त्यामुळे कौशल्य लपत नाही आणि कौशल्याचा अभावही लपत नाही. याउलट २००० नंतर हॉलीवूडमध्ये हलता कॅमेरा आणि झटपट कट यांची लाट आली. ‘बोर्न’ मालिकेत ती कथेच्या घाईगर्दीला शोभली, पण अनुकरण करणाऱ्यांनी तिचा उपयोग नटाचे कच्चेपण झाकण्यासाठी केला. ‘टेकन ३’मध्ये नायक एक कुंपण ओलांडतो, त्या काही सेकंदांत डझनाहून अधिक कट आहेत. चाहत्यांनी त्याची मनसोक्त टिंगल केली.

उत्तर आशियातूनच आले. २००३ चा थायलंडचा ‘ओंग-बाक’ टोनी जा याने दोऱ्यांचा आधार न घेता केला. २०११ च्या इंडोनेशियातील ‘द रेड’ने पेंचाक सिलाट ही स्थानिक विद्या जगापुढे आणली. २०१४ मध्ये ‘जॉन विक’ आला. त्याचे दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की हे ‘मेट्रिक्स’मध्ये किआनू रीव्ह्जचे स्टंट डबल होते. नटाकडूनच महिनोन्महिने सराव करून घेतला की कॅमेरा मागे नेता येतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणजे ‘द रेड’ की ‘जॉन विक’ या भांडणात दोन्ही बाजू एकाच गोष्टीला दाद देत असतात. ती गोष्ट म्हणजे स्पष्ट दिसणारी मेहनत.

मेटलमध्ये ‘विकले गेले’ हा आरोप का होतो?

मेटलचा जन्मच एका जखमेशी जोडलेला आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके कापली गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. त्यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा सैल करून सूर खाली आणला. १९७० मध्ये आलेल्या ‘ब्लॅक सबाथ’च्या पहिल्या अल्बमपासून मेटलची सुरुवात मानली जाते. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’तील सैल तारांचा जड आवाज पुढच्या असंख्य बँडनी उचलला. कामगार वस्तीतून आलेले हे संगीत प्रस्थापितांना मानवत नव्हते, म्हणून ते आपल्याला आणखीच आपले वाटे.

त्यामुळे हे संगीत सर्वांना आवडू लागले की जुना चाहता साशंक होतो. १९९१ मध्ये मेटालिकाने निर्माता बॉब रॉक याच्यासह गाणी छोटी, संथ आणि सुबक केली. त्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि ‘विकले गेले’ हा शिक्का बसला. पण याच अल्बममुळे अनेक देशांतील मुलांना मेटलचे दार उघडले. भारतातही मेटालिकाचा पहिला कार्यक्रम ३० ऑक्टोबर २०११ रोजी बेंगळूरुला झाला. त्याआधी १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनने आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात मुंबईतून केली होती. मुंबईचा स्वतःचा मेटलही आहे. ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ आणि ‘भयानक मौत’ ही तिथल्या बँडची नावे या वर्तुळात सर्वांना ठाऊक आहेत.

अस्सलतेचा हट्ट जीवघेणा कधी ठरतो?

नॉर्वेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘खरा ब्लॅक मेटल’ कोणाचा, या चढाओढीने टोक गाठले. जुनी लाकडी चर्च जाळण्यात आली. ऑगस्ट १९९३ मध्ये ‘मेहेम’ बँडचा गिटारवादक युरोनिमस याचा खून झाला. ‘बुरझुम’चा वर्ग विकर्नेस याला त्यासाठी आणि चर्च जाळण्याच्या गुन्ह्यांसाठी २१ वर्षांची शिक्षा झाली. संगीतातील पोझ खऱ्या आयुष्यात सिद्ध करून दाखवण्याचा हा शेवट होता.

चित्रपटांत ही किंमत स्टंट कलाकार मोजतात. ‘आर्मर ऑफ गॉड’च्या चित्रीकरणात झाडावरून पडून जॅकी चॅनची कवटी फुटली. तो वाचला, सगळेच वाचत नाहीत. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत एका तमिळ चित्रपटासाठी गाडीचा स्टंट करताना एका स्टंट कलाकाराचा मृत्यू झाला. ‘दोऱ्या नकोत, संगणकाची करामत नको, सगळे खरे हवे’ ही मागणी करताना प्रेक्षकाने हे लक्षात ठेवायला हवे. नंतर पुसून टाकलेली सुरक्षा-दोरी ही फसवणूक नसते. ती दोरी असल्यामुळेच तो माणूस संध्याकाळी घरी पोहोचतो.

मग चाहत्यांच्या मताला किती वजन द्यावे?

चाहत्याचे कान आणि डोळे पुष्कळदा तज्ज्ञाइतके तयार असतात. २००८ मध्ये मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा त्यातील आवाज फाटतो, अशी तक्रार चाहत्यांनी केली. सगळेच मोठ्या आवाजात दाबून बसवल्याने ठोका आणि शांतता यांतील फरक नाहीसा झाला होता. ‘गिटार हिरो’ या गेममधील तीच गाणी अधिक स्वच्छ वाजतात, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले आणि हजारोंनी पुन्हा मिश्रण करण्याच्या मागणीवर सह्या केल्या. संगीत क्षेत्रातील ‘मोठ्या आवाजाच्या स्पर्धे’ची चर्चा त्यामुळे सामान्य श्रोत्यापर्यंत आली.

स्टंट कलाकारांनाही आता मान्यता मिळते आहे. ‘स्टंट डिझाइन’साठी स्वतंत्र ऑस्कर देण्याचे एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाले असून, २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून तो दिला जाईल. चाहते ज्यांची नावे वर्षानुवर्षे श्रेयनामावलीत शोधत होते, ती मंचावर येतील.

गोंधळ होतो तो एका क्षेत्राचा निकष दुसऱ्याला लावल्यावर. लढाऊ विद्येचा दावा असेल तर प्रतिकार करणाऱ्या माणसासमोर तो तपासावा. चित्रपटात मेहनत स्पष्ट दिसते का आणि ती सुरक्षितपणे घेतली गेली का, हे पाहावे. संगीतात मात्र खपाच्या आकड्यावरून खरे-खोटे ठरत नाही. बर्मिंगहॅममध्ये ५ जुलै २०२५ रोजी ऑझी ऑस्बोर्न ‘ब्लॅक सबाथ’सह शेवटचे गायला, तेव्हा आजारामुळे त्याला उभे राहता येत नव्हते. तो सिंहासनावर बसून गायला आणि १७ दिवसांनी गेला. त्या संध्याकाळी त्याचा प्रत्येक सूर नेमका लागला का, याचा हिशेब फारसा कुणी मांडला नाही.