वृद्धांची वसाहत भर बाजारात हवी

२०११ च्या जनगणनेत देशातील साठी ओलांडलेल्या लोकांचे प्रमाण ८.६ टक्के भरले. गोव्यात ते ११.२ टक्के होते. केरळ सोडले तर एवढे वयस्क राज्य दुसरे नव्हते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि ट्रक, बार्ज, गॅरेज यांवर चालणाऱ्या घरांतल्या तरुणांना कामासाठी बाहेर पडावे लागले. पेडण्यात चित्र वेगळे. तिथे मोपाच्या पठारावर विमानतळ आला आणि जमिनीचे भाव चढले. दोन्ही तालुक्यांत आई-वडील मात्र होते तिथेच राहिले. त्यांच्या उतारवयाची सोय म्हणून पेडणे आणि डिचोली या दोन्ही पालिका क्षेत्रांत, अगदी मधोमध, बाजारापासून आणि कदंब बसस्थानकापासून चालत जाता येईल अशा जागी, देखभालीसह राहण्याची एकेक छोटी वसाहत उभी राहावी, असे मला ठामपणे वाटते. पठारावर, हिरवळीत, शांत जागी ती नको. वसाहत कुठे आहे यावर तिथली देखभाल कशी होणार हे बरेचसे ठरते, आणि आपण नेमका तोच विचार सर्वांत शेवटी करतो.

अशा वसाहतीत माणसाला स्वतःचे दार असलेली खोली किंवा छोटे घर मिळते. चहा हवा तेव्हा करता येतो, पाहुणा आला तर कुणाची परवानगी लागत नाही. त्याच आवारात परिचारिका असते, आंघोळीला किंवा औषध देण्याला मदत मिळते, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी काही खाटा असतात. प्रकृती ढासळली की मदत वाढते, घर बदलावे लागत नाही. २०१७-१८ मध्ये झालेल्या 'लासी' या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या सुमारे ७५ टक्के लोकांना कोणता ना कोणता दीर्घकाळचा आजार असल्याचे आढळले. मधुमेह, रक्तदाब, गुडघे यांना रोज थोडेथोडे लक्ष लागते; इस्पितळातल्या खाटेची गरज क्वचितच पडते. आपल्याकडे मात्र एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला इस्पितळ, यांच्या मध्ये फारसे काही नाही. पेडण्याहून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ (गोमेकॉ) तीस किलोमीटरहून लांब आहे. तालुक्यातच तुये येथे शंभर खाटांच्या रुग्णालयाची इमारत उभी राहिली, पण तिचा उपयोग वर्षानुवर्षे रखडला. इमारत बांधली म्हणजे सेवा सुरू झाली असे होत नाही, हे पेडणेकरांना कुणी समजावण्याची गरज नाही.

मग मधोमध कशासाठी? पहिले कारण काम करणाऱ्या माणसांचे आहे. अशा संस्था चालतात त्या परिचारिका, मदतनीस आणि स्वयंपाकघरातल्या बायकांच्या बळावर. त्या बसने येणार. शेवटची बस कधी सुटते यावर रात्रपाळीला कोण थांबेल हे ठरते. आडजागेच्या वृद्धाश्रमात माणसे टिकत नाहीत आणि टिकली तरी कमी पडतात. दुसरे कारण भेटीगाठींचे. मुद्दाम वाट वाकडी करून जावे लागले तर नातलग सणासुदीला जातात. बुधवारच्या डिचोलीच्या बाजाराला आलेली सून, भाची किंवा जुनी शेजारीण मात्र पिशवी घेऊन पाच मिनिटे सहज डोकावते. अशी पाच मिनिटे वर्षभर जमत गेली तर माणूस एकटा पडत नाही. याला आणखी एक बाजू आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या जागेत बाहेरचे लोक सतत ये-जा करतात तिथे हेळसांड लपत नाही. जखम, मळलेली चादर, घाबरलेला चेहरा कुणाच्या तरी नजरेस पडतोच. सरकारी तपासणीपेक्षा ही राखण जास्त भरवशाची आहे. आणि जो स्वतःच्या पायांनी बँकेत जाऊन दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे काढतो, वाचनालयात पेपर चाळतो, संध्याकाळी देवळात भजनाला बसतो, त्याचा दिवस त्याच्या हातात राहतो.

नेदरलँड्समधील वेस्प येथे स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी २००९ मध्ये होगवेक ही वसाहत सुरू झाली. जगभरातून लोक ती पाहायला जातात. तिथे रस्ता, चौक, किराणा दुकान, उपाहारगृह, नाट्यगृह हे सारे कुंपणाच्या आत मुद्दाम उभारलेले आहे, कारण रहिवाशांना ओळखीच्या जगण्याचा आधार लागतो. आपल्या तालुक्याच्या गावात हे जग आयते आहे. वृद्धांना त्यातून उचलून बाहेर नेण्याचे कारण नाही. स्मृतिभ्रंश असलेल्यांना बंदिस्त अंगण आणि जास्त माणसे लागतील, ते मान्यच. पण अंगण तर जुन्या वाड्यांना असतेच. पुण्याच्या नवी पेठेतला 'निवारा' वृद्धाश्रम डेव्हिड ससून यांच्या दानातून एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. आज तो दाट वस्तीच्या मधोमध आहे आणि त्याच्या सभागृहात व्याख्याने, बैठका, प्रकाशने होत असतात. शहर त्याच्या दारात येते. गोव्यातही प्रोव्हेदोरिया या सरकारी सेवासंस्थेचे वृद्धाश्रम पोर्तुगीज काळापासून चालत आले आहेत, गोवा हिंदू असोसिएशनने बांदोड्याला 'स्नेहमंदिर' चालवले आहे. म्हणजे सेवेची परंपरा आपल्याकडे आहे. वेगवेगळ्या टप्प्यांची देखभाल एकाच जागी आणि गावाच्या आत मिळण्याची सोय मात्र पेडणे-डिचोलीत झालेली नाही.

यावर पहिला आक्षेप जागेचा. बाजारपेठेत मोकळी जागा मिळते कुठे? मोकळी मिळत नाही, बंद मिळते. दोन्ही गावांत कुलूप लागलेली जुनी घरे आहेत. गोव्याच्या समान नागरी कायद्यात मुले असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते. पिढ्या उलटतात, वारस मुंबईपासून आखातापर्यंत पांगतात, आणि सर्वांच्या सह्या होईपर्यंत कौले कोसळतात. विकायला नाखूष असलेले वारस दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याला तयार होऊ शकतात, कारण मालकी त्यांचीच राहते आणि छप्पर दुरुस्त होते. अडसर आहे तो भीतीचा: भाडेकरू किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) एकदा आत आला की निघत नाही. म्हणून पट्टा पालिकेच्या किंवा प्रोव्हेदोरियाच्या नावाने, मुदतीची सरकारी हमी देऊन व्हायला हवा. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या सरकारी प्राथमिक शाळांच्या इमारतींचाही याच कामी विचार होऊ शकतो.

दुसरा आक्षेप डिचोलीपुरता, पण खराच आहे: नदीला पूर आला की बाजारात पाणी शिरते. तेव्हा 'मधोमध' याचा अर्थ नदीकाठ असा घेऊ नये. चार-पाचशे मीटर वर सरकले तरी बाजार पायाखालीच राहतो, आणि खाटांची जागा कोणत्याही परिस्थितीत पुराच्या पातळीच्या वर हवी. गोंगाटाचे म्हणाल, तर झोपायच्या खोल्या मागच्या अंगणाकडे आणि बसायची पडवी रस्त्याकडे, ही रचना आपल्या जुन्या घरांनी कधीच करून ठेवली आहे.

पेडण्यात मात्र वेगळीच शंका येईल, आणि ती रास्त आहे. वृद्धांच्या नावाखाली फ्लॅट बांधायचे आणि महानगरांतल्या लोकांना सुट्टीचे दुसरे घर म्हणून विकायचे, हा धोका विमानतळाशेजारच्या तालुक्यात सर्वांत मोठा. म्हणून इथे घरे विकूच नयेत. राहणाऱ्याला हयातभर राहण्याचा हक्क द्यावा, अनामत परत मिळावी, तालुक्यातल्या रहिवाशांना अग्रक्रम असावा, आणि जागा सोडली की ती संस्थेकडे परतावी. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या वसाहतींसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. महाराष्ट्रात महारेरा या बांधकाम नियामकानेही दारांची रुंदी, रॅम्प, लिफ्ट यांचे निकष घालून दिले आहेत. गोव्याला कोऱ्या पाटीवरून सुरुवात करायची नाही.

"आई-वडिलांना घरातच सांभाळावे" हा आक्षेप मनापासूनचा असतो. बहुतेकांना स्वतःच्या घरातच राहायचे असते आणि त्यांनी तसेच राहावे. पण पार्से, मांद्रे, मये, सर्वण अशा गावांत घरपोच परिचारिका पाठवायची तर तिला निघायला एक ठाणे लागते. डेन्मार्कने १९८७ च्या कायद्याने जुन्या पद्धतीची शुश्रूषागृहे बांधणे थांबवले, आणि वृद्धांसाठी सोयीची घरे व घरी येणारी मदत यांवर भर दिला. वसाहतीतला कर्मचारीवर्ग सकाळी आतल्यांचे आटोपून दुपारी गावोगाव जाऊ शकतो. आत तीस-चाळीस माणसे राहतील, पण आधार मिळेल तो त्याच्या कितीतरी पट घरांना. ज्या सुनेला किंवा मुलीला घरातल्या वृद्धांचे सारे एकटीने करावे लागते, तिलाही दिवसाचे चार तास मोकळे मिळतील. घरच्या सेवेचे गोडवे गाताना ती सेवा नेमकी कोण करते, हे आपण फारसे विचारत नाही.

राहिला पैसा. दयानंद योजनेतून मिळणाऱ्या रकमेत अशा ठिकाणचे राहणे भागणार नाही, हे उघड आहे. निवृत्तिवेतन असलेल्यांनी पूर्ण खर्च द्यावा आणि एक तृतीयांश जागा निराधारांसाठी सरकारने भराव्यात. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रमाची तरतूद आहे. ते १५० जण एकाच मोठ्या इमारतीत कोंबण्यापेक्षा तालुक्यांच्या गावांत विखुरलेले बरे. आरंभ लहान हवा. एक बंद वास्तू घ्यावी, तिच्या तळमजल्यावर दिवसाचे केंद्र सुरू करावे, दुपारचे जेवण, रक्तदाब तपासणी आणि पत्त्यांचा डाव एवढ्यावर वर्षभर चालवावे. कोण येते, किती लांबून येते, कुणाला रात्री परत जाणे नको वाटते, हे त्या वर्षात कळेल, आणि वरच्या मजल्यावर खोल्या किती आणि कोणत्या लागतील याचा हिशेब पालिकेला त्यावरून मांडता येईल.