तेंदू नर की मादी? सोप्या प्रश्नामागचा अवघड प्रयोग

गोंदिया जिल्ह्यात तेंदूची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे उन्हाळ्यात घरंच्या घरं पानं तोडायला जंगलात जातात आणि 70 पानांचा एकेक पुडा बांधतात. त्या पुड्यातली पानं नर झाडाची की मादी झाडाची, हे कुणी विचारत नाही. तोडणाऱ्यांना त्याची गरजही नसते. तुम्हाला मात्र वनस्पतिशास्त्रात संशोधन करायचं असेल, तर हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. तो कसा विचारायचा, ते आज पाहू.

आधी मूळ गोष्ट. बहुतेक सपुष्प वनस्पतींच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, उदाहरणार्थ मोह. भोपळ्यात नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं, पण वेल एकच. काटवलात मात्र नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. अशा जातींना डायोशियस म्हणतात. सपुष्प वनस्पतींच्या जातींपैकी साधारण 5 ते 6 टक्के जाती अशा आहेत. तेंदू, म्हणजे डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, त्यांपैकीच एक.

फुलांतला फरक डोळ्यांनी दिसतो. नर फुलं लहान आणि झुपक्यात येतात. मादी फूल त्याहून मोठं आणि सहसा एकटं असतं. पण खरा फरक फुलोरा संपल्यावर सुरू होतो. नर झाडाचं काम परागकण देऊन संपतं. मादी झाडाला फळ पोसायचं असतं, आणि तेंदूचं फळ पिकायला जवळपास वर्ष लागतं. पावसाळा, हिवाळा आणि पुन्हा उन्हाळा, एवढा काळ साखर आणि पाणी फळाकडे जात राहतं. यालाच प्रजननाचा खर्च म्हणतात.

मग हा खर्च मादी झाड कुठून भागवतं? पानं जास्त काम करतात, की वाढ कमी होते? अमेरिकेतल्या बॉक्सएल्डर या मॅपलवर डॉसन आणि एलरिंगर यांचा 1993 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास जरूर वाचा. तिथे ओढ्याकाठच्या ओल्या जागी मादी झाडं जास्त आढळली, कोरड्या जागी नर जास्त. मादी झाडांची पर्णरंध्रं जास्त उघडी राहत होती, तर नर पाणी जपून वापरत होते. पण मॅपलचा निष्कर्ष उचलून तेंदूला चिकटवता येत नाही. तेंदूवर वेगळं मोजावं लागेल, आणि तिथे तीन अडचणी आहेत.

पहिली, लिंग ओळखण्याची. पानतोडीआधी झुडपं छाटतात. त्यांच्या नव्या फुटव्यांना पानं भरपूर येतात, पण फुलं सहसा येत नाहीत. म्हणून पुड्यातलं पान या कामाला निरुपयोगी. फुलोऱ्यात मोठी झाडं शोधा, फुलं तपासा आणि तेव्हाच झाडांना क्रमांक द्या.

दुसरी अडचण जमिनीखाली आहे. तेंदू मुळांपासून फुटतो. जवळजवळची दहा झुडपं म्हणजे प्रत्यक्षात एकच झाड असू शकतं. त्यांना दहा नमुने धरलंत, तर तुमची आकडेवारी फुगते. एकाच झाडाची तीस पानं मोजली तरी नमुना एकच. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, आणि परीक्षक आधी तेच पाहतात. म्हणून झाडं एकमेकांपासून दूरची निवडा.

तिसरी अडचण कारणाची. समजा, मादीच्या पानात फरक दिसला. तो लिंगामुळे की फळांच्या भारामुळे? काही मादी झाडांची फळं कोवळी असतानाच काढून टाका आणि बाकीच्या मादी झाडांशी तुलना करा. फळं काढल्यावर फरक नाहीसा झाला, तर कारण फळांचा भार. टिकला, तर आणखी खोलात जावं लागेल. नर-मादी झाडांचा घेर, सावली आणि माती शक्यतो सारखी हवी. वनविभागाची परवानगी अर्थातच आधी.

पानावरून लिंग ओळखता आलं तर पहिली अडचण सुटेल. तेंदूच्याच प्रजातीतल्या डायोस्पायरॉस लोटस या झाडात 2014 साली लिंग ठरवणारी जनुकजोडी सापडली. नराच्या वाय गुणसूत्रावरचं ओजीआय हे जनुक मेजीआय या मादीपण आणणाऱ्या जनुकाला दाबतं. पण ही डीएनए चाचणी तेंदूवर वापरण्याआधी, फुलं पाहून लिंग पक्कं केलेल्या झाडांवर ती पडताळायलाच हवी.

या कामाचा उपयोग प्रबंधापुरता नाही. तेंदूची फळं माणसं खातात, अस्वलं खातात, आणि बी रुजतं तेही मादी झाडाचंच. कोरड्या वर्षांत मादी झाडांना जास्त सोसावं लागत असेल, तर नुसती झाडं मोजून जंगलाचा अंदाज चुकेल. तेव्हा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर एवढं एकच वाक्य लिहून पाहा: मी काय मोजणार, कोणत्या झाडांवर, आणि कोणता निकाल आला तर माझं गृहीतक चुकीचं ठरेल. ते जमलं, की उन्हाळ्याची वाट पाहायला हरकत नाही.