हृदयाचा व्रण आणि मूलपेशी

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीनें बंद झाली, कीं तिच्यावर अवलंबून असलेला स्नायु कांहीं तासांतच मरूं लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. हाताची जखम नव्या त्वचेनें भरून येते. हृदयांत मात्र मृत स्नायूच्या जागीं निबर व्रण राहतो. तो जागा भरून काढतो, पण आकुंचन पावत नाहीं. उरलेल्या स्नायूवर भार पडतो, आणि पुढें कित्येकांचें हृदय दुबळें होत जातें.

मूलपेशी म्हणजे ज्यांच्यापासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी बनतात त्या मूळ पेशी. अस्थिमज्जेंतील अशा पेशी उंदरांच्या जखमी हृदयांत टोचल्या असतां तेथें नवा स्नायु उत्पन्न होतो, असें २००१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ येथें रोग्यांच्या स्वतःच्या मज्जेंतील पेशी त्यांच्या हृदयाच्या रोहिणींत सोडण्यास आरंभही झाला. परंतु मज्जेच्या पेशींपासून हृदयाचा स्नायु बनल्याचें २००४ मध्यें अन्य दोन संशोधकगटांना आढळलें नाहीं.

उपचारानंतर रोगी सुधारला, तर तें श्रेय उपचाराचें कीं काळाचें? रोहिणी वेळींच उघडली, तर निश्चेष्ट झालेला, पण जिवंत राहिलेला स्नायु पुढील आठवड्यांत आपोआप काम करूं लागतो. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्या तसे रोग्यांचे दोन गट करावे लागतात. नेहमींचे उपचार दोन्ही गटांना मिळतात. पेशी मात्र एकालाच.

जर्मनींतीलच हॅनोव्हर येथील ६० रोग्यांच्या चांचणीवरून या तुलनेचें मर्म कळतें. हृदयाचा डावा कप्पा आपल्यांतील रक्तापैकीं शेंकडा किती रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकतो, हें तिचें माप होतें. सहा महिन्यांनीं पेशी मिळालेल्यांत तें सरासरीनें ६.७ नें वाढलें. इतरांत अवघें ०.७ नें. अठरा महिन्यांनीं मात्र ही वाढ अनुक्रमें ५.९ व ३.१ अशी भरली. एवढें अंतर योगायोगानेंही पडूं शकतें.

२००६ मध्यें जर्मनी व स्वित्झर्लंड येथील २०४ रोग्यांच्या चांचणींत थोडा लाभ दिसला; नॉर्वेंतील १०० रोग्यांच्या चांचणींत मुळींच नाहीं. २०१४ सालीं ब्रिटनमधील संशोधकांनीं अशा चांचण्यांचे अहवाल बारकाईनें तपासले. ज्या अहवालांत विसंगति अधिक, त्यांत लाभही अधिक. ज्यांत एकही विसंगति नाहीं, त्यांत लाभ जवळजवळ शून्य.

शेवटीं खरा प्रश्न माप वाढण्याचा नसून रोगी जगण्याचा आहे. त्यासाठीं युरोपांत ३००० रोग्यांची चांचणी योजिली गेली. परंतु मिळाले ते ३७५ च. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांप्रमाणें दोन वर्षांत पेशी मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३.२६ दगावले, इतरांपैकीं ३.८२. एवढ्यावरून निर्णय देतां येत नाहीं, असें चांचणीकारांनींच सांगितलें. मात्र दोन्ही गटांतील मृत्यु अपेक्षेहून पुष्कळ कमी होते. रोहिणी त्वरेनें उघडण्याचे व नेहमींचे औषधोपचारच मोठें काम करून गेले होते.

मज्जेच्या पेशी घातक ठरल्या नाहींत. परंतु घातक नसणें म्हणजे गुणकारी असणें नव्हे. आशेला चांचणीची जोड मिळेपर्यंत ती आशाच राहते. झटका आलेल्या मनुष्याच्या घरच्यांनीं जपावयाचें तें घड्याळाचे कांटे. कारण व्रण पुसण्याची विद्या अद्याप हातीं आलेली नाहीं, तो लहान ठेवण्याची मात्र आलेली आहे.