दृष्टीची ठेव

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात असलेले शिरड शहापूर हे गाव श्री मल्लिनाथ भगवंतांच्या अतिशय क्षेत्रामुळे जैन समाजास परिचित आहे. दर्शनासाठी येणाऱ्या वयोवृद्ध श्रावक-श्राविकांमध्ये अनेक वर्षांचा मधुमेह असणारेही पुष्कळ असतात. भगवंतांची शांत मुद्रा त्यांना पूर्वीइतकीच स्पष्ट दिसते का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. दर्शन आणि स्वाध्याय या दोन्ही नित्यकर्मांचा आधार दृष्टी आहे, आणि दृष्टीचा आधार डोळ्याच्या मागील बाजूस असलेले नाजूक दृष्टिपटल व त्याचे पोषण करणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आहेत.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की या वाहिन्या क्षीण होतात. दृष्टिपटलास प्राणवायू कमी पडतो आणि ते नव्या वाहिन्यांची मागणी करणारे एक प्रथिन स्रवू लागते. त्या हाकेला ओ देऊन नव्या वाहिन्या फुटतात खऱ्या, परंतु त्या कच्च्या असतात. त्या पाझरतात, फुटतात, आणि दृष्टी अंधारते. उतारवयात होणाऱ्या दृष्टिपटलाच्या ऱ्हासाच्या एका प्रकारातही अशाच अनिष्ट वाहिन्या दृष्टिपटलाखाली शिरतात.

या प्रथिनाचा शोध कर्करोगाच्या अभ्यासातून लागला. गाठीला वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार अमेरिकेतील डॉ. ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडला. 1989 मध्ये इटलीत जन्मलेले डॉ. नेपोलिओने फेरारा यांनी ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन वेगळे केले. मधुमेहींच्या डोळ्यांतील द्रवात त्याचे प्रमाण वाढलेले असते, हे 1994 मध्ये दिसून आले. त्याला निष्प्रभ करणारे रॅनिबिझुमॅब हे औषध 2006 मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांनी उपचारांची दिशाच पालटली.

या क्षेत्रात डॉ. राजेंद्र आपटे हे नाव मराठी वाचकास आपुलकीचे वाटेल. ते सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात नेत्रविज्ञानाचे प्राध्यापक आहेत. म्हातारपणी या वाहिन्या का माजतात, हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय. शरीरातील भक्षक पेशी एरवी अशा वाढीला आळा घालतात. वय वाढले की त्यांच्यात कोलेस्टेरॉल साठते आणि त्यांचे हे सामर्थ्य उणावते, असे त्यांच्या गटाने 2013 मध्ये दाखविले. कोलेस्टेरॉल बाहेर काढण्यास साहाय्य करणाऱ्या औषधाने उंदरांतील पेशी पुन्हा कार्यक्षम झाल्याचेही दिसले. अहिंसाव्रती वाचकास या प्रयोगांतील मुक्या जिवांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच अशा ज्ञानाचा लाभ हाती असताना केवळ आळसापोटी तो दवडणे अधिकच अनुचित ठरते.

खर्चाची चिंता व्यापारी मनास आधी भेडसावते. बेव्हॅसिझुमॅब हे मूळचे कर्करोगावरील औषध. त्याची लहान मात्रा डोळ्यासाठी वापरल्यास खर्च पुष्कळ कमी येतो. वार्धक्यातील दृष्टिपटल-ऱ्हासावर ते महागड्या औषधाइतकेच गुणकारी असल्याचे 2011 मधील अमेरिकेतील तुलनात्मक चाचणीने दाखविले. रॅनिबिझुमॅबचे भारतीय बनावटीचे समरूप औषधही 2015 पासून आपल्या देशात मान्यताप्राप्त आहे. कोणते औषध घ्यावे, हा निर्णय मात्र नेत्रतज्ज्ञांचाच.

खरा तोटा होतो तो विलंबाने. हा विकार आरंभी दुखत नाही, खुपत नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल, अशी समजूत करून घेतली जाते. खतावणीतील सरळ रेघा वाकड्या दिसणे, अक्षराच्या मध्यभागी डाग येणे, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगणे, ही लक्षणे दिसताच तपासणी करून घ्यावी. मधुमेहींनी तर कोणतेही लक्षण नसतानाही वर्षातून एकदा, बाहुली विस्फारून, दृष्टिपटलाची तपासणी करून घेणे आवश्यक आहे. दशलक्षण पर्वात उपवास करणाऱ्यांनी साखरेच्या औषधांविषयी आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषध मनाने बंद करणे किंवा उपाशीपोटी नेहमीचीच मात्रा घेणे, दोन्ही घातक ठरू शकते.

दिवाळीला वही-पूजन होते, वर्षाचा ताळेबंद मांडला जातो. त्याच सुमारास घरातील प्रत्येक मधुमेही व्यक्तीच्या नेत्रतपासणीची तारीखही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. गेलेली दृष्टी बहुधा परत मिळत नाही. उरलेली राखता येते. शिरड शहापूरच्या गाभाऱ्यात पुढील वर्षी उभे राहताना भगवंतांची मुद्रा स्पष्ट दिसावी, एवढ्यासाठी तरी ही नोंद चुकवू नये.