चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन आणि सांगलीची दरबारी रंगभूमी

मराठी रंगभूमीचा इतिहास ५ नोव्हेंबर १८४३ या दिवसापासून सांगण्याची प्रथा आहे. त्या दिवशी सांगलीच्या दरबारात विष्णु अमृत भावे यांच्या 'सीता स्वयंवर' या नाटकाचा प्रयोग झाला आणि पुढे हाच दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून मान्यता पावला. या कथनात भावे नायक असतात. संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या वाट्याला 'रसिक आश्रयदाते' एवढे एक विशेषण येते. विशेषण खोटे नाही, पण अपुरे आहे. आप्पासाहेब हे आयुष्याचा पूर्वार्ध मोहिमांत काढलेले सरदार होते. त्यांनी नाटकाची व्यवस्था ज्या रीतीने लावली, आणि त्यांच्या पश्चात ती ज्या रीतीने कोसळली, तिचा उलगडा या लष्करी पूर्वायुष्याकडे पाहिल्यावाचून होत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पटवर्धन हे पेशवाईतील दक्षिणेकडील प्रमुख लष्करी घराणे. सरंजाम उपभोगायचा आणि त्याच्या मोबदल्यात फौजेनिशी चाकरी करायची, हे या घराण्याच्या अस्तित्वाचे सूत्र होते. आप्पासाहेबांचे वडील पांडुरंगराव हैदरअलीच्या फौजेशी लढताना १७७७ मध्ये पकडले गेले आणि श्रीरंगपट्टणच्या कैदेतच वारले. सरदारी बालपणीच अंगावर आली. कारभार चुलते गंगाधरराव यांच्या हाती राहिला. चुलत्या-पुतण्यांतील तेढ विकोपाला गेली, तेव्हा मिरजेची वाटणी होऊन १८०१ मध्ये सांगली हे स्वतंत्र ठाणे झाले. तेथे आप्पासाहेबांनी गणेशदुर्ग हा किल्ला बांधला व गणपतीचे मंदिर उभारले. एका खेड्याची राजधानी करायची तर तट हवा, दैवत हवे आणि दरबारही हवा, हे जाणण्याइतकी राजकीय दृष्टी त्यांच्यापाशी होती.

वाटणीच्या आदल्याच वर्षी, १८०० मध्ये, धोंडजी वाघाविरुद्धच्या मोहिमेत ते होते. धोंडोपंत गोखले ज्या लढाईत पडले तीत आप्पासाहेब जखमी झाले. याच मोहिमेमुळे त्यांचा आर्थर वेलस्लीशी, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनशी, संबंध आला. १८०३ मध्ये वेलस्ली पुण्यावर चालून आला तेव्हा पटवर्धनांची पथके त्याच्या बाजूला होती. बाजीराव दुसऱ्याशी मात्र या घराण्याचे सख्य कधीच जमले नाही. १८१२ च्या पंढरपूरच्या तहाने पेशवे आणि दक्षिणेतील जहागीरदार यांच्यात कंपनीने जी तडजोड घडवली, तिच्यातही पेच होता तो फौजेच्या चाकरीचाच.

पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये कंपनीशी नवा करार झाला. आप्पासाहेबांना कंपनीच्या हुकमतीखाली पथके पाठविणे मानवले नाही. लष्करी चाकरीच्या बदल्यात त्यांनी सालिना १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. रंगभूमीच्या इतिहासकारांनी या व्यवहाराकडे फारसे लक्ष दिलेले नाही. माझ्या मते तो निर्णायक आहे. ज्या दरबाराचे प्रयोजनच फौज हे होते, त्याच्याजवळ आता मानकरी होते, कारकून होते, सणवारांचा सरंजाम होता, हुकूम देण्याची सवयही होती. फक्त मोहीम नव्हती. १८४६ मध्ये कंपनीने आप्पासाहेबांच्या निष्ठेचा गौरव म्हणून त्यांना तलवार भेट दिली. 'सीता स्वयंवर' होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. कमरेची तलवारही एव्हाना शोभेचीच झाली होती.

१८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातील भागवत मंडळी सांगलीस आली आणि त्यांनी दरबारात खेळ केले. ते पाहून आप्पासाहेबांनी असाच खेळ मराठीत, पण त्यातील बीभत्स आरडाओरड आणि धांगडधिंगा वगळून, बसविण्यास विष्णुपंत भाव्यांना सांगितले. भाव्यांचे वडील अमृतराव हे संस्थानच्या चाकरीत होते. स्वतः विष्णुपंत कवने रचणारे, मूर्ती-बाहुल्या घडविण्यात हात असलेले तरुण. ही सारी हकिकत पुढे भाव्यांनीच आपल्या 'नाट्यकवितासंग्रहा'च्या (१८८५) प्रस्तावनेत नोंदविली आहे. तिचा सूर पाहिला की ही एखाद्या कवीला मिळालेली प्रेरणा नसून चाकराला मिळालेली आज्ञा आहे, हे ध्यानात येते. आज्ञेत काय हवे हे जसे होते, तसेच काय नको हेही होते. आणि दिग्दर्शनाचा अर्धा भाग हा नेहमी नकारांचाच असतो. आप्पासाहेबांनी पद्ये रचली नाहीत की सोंगे सजविली नाहीत. परंतु नमुना निवडणे, भाषा ठरविणे, अभिरुचीची मर्यादा आखणे, माणसे व पैसा पुरविणे ही कामे जर नाट्यसंचालकाची मानायची, तर सांगलीच्या रंगभूमीचे संचालक आप्पासाहेबच होते.

माणसांचा प्रश्न सर्वांत बिकट होता. तोंडाला रंग फासून, त्यातही स्त्रीवेष घेऊन, चारचौघांत उभे राहणे ब्राह्मण घराण्यांत हीन समजले जात असे. अशा वेळी 'सरकारची आज्ञा' ही नटाच्या अब्रूची ढाल ठरली. युद्धात शिपायाने केलेल्या कृत्याची जबाबदारी जशी हुकूम देणाऱ्याकडे जाते, तसेच काहीसे येथे घडले. प्रयोगाची रचनाही एका माणसाच्या नियंत्रणाखाली होती. गणपती आणि मयूरारूढ सरस्वती यांच्या प्रवेशानंतर सूत्रधार पदे गात राही, पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने हावभाव करीत व प्रसंगानुसार पदरचे बोलत. राक्षसांची 'अललडुर्र' ही आरोळी आणि रंगमंचावरची तुंबळ युद्धे यांनी प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या खूश झाले. ज्या गलबल्याला आप्पासाहेबांनी नकार दिला होता, तो अशा रीतीने मागच्या दाराने परत आला, हे जाता जाता नमूद करायला हवे.

जुलै १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले. वारस धुंडिराज तात्यासाहेब अल्पवयीन होते आणि संस्थानच्या कारभारात कंपनीची देखरेख आली. धन्याच्या तोंडी आश्वासनांना नव्या जमाखर्चात रकाना नव्हता. दरबारचा आश्रय संपला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडणे भाग पडले. १८५३ मध्ये ते मुंबईला ग्रँट रोडवरच्या नाट्यगृहापर्यंत पोहोचले आणि मराठी नाटक तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकासमोर उभे राहिले.

याच १८५१ साली बर्लिनमध्ये घडलेली एक नेमणूक तौलनिक अभ्यासकाने येथे शेजारी ठेवून पाहावी. प्रशियाच्या राजाने आपल्या राजनाट्यगृहांचा प्रमुख म्हणून बोटो फोन हुल्सेन या गार्ड पलटणीतील उमराव घराण्यातल्या लेफ्टनंटला नेमले. त्याचे नाट्यविषयक भांडवल म्हणजे अधिकाऱ्यांच्या हौशी नाटकांचा अनुभव. शिस्त आणि हिशेब यांवर भर देणाऱ्या या माणसाबद्दल कलावंतांच्या तक्रारी असत. वाग्नरशी तर त्याचे सूर कधी जुळले नाहीत, तरीही 'टानहॉयझर' आणि 'लोहेनग्रिन' बर्लिनच्या राजरंगमंचावर त्याच्याच कारकिर्दीत आली. तो १८८६ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे ३५ वर्षे, त्या पदावर होता. १८६६ मध्ये प्रशियाने हानोव्हर, कासेल ही राज्ये घशात घातली, तेव्हा तेथील नाट्यगृहेही त्याच्या अखत्यारीत आली. पुढे त्याचा मुलगा गेओर्ग यानेही बर्लिनमध्ये तेच पद सांभाळले.

दोन्हीकडे सैनिकी उमराव आणि दोन्हीकडे दरबारी रंगभूमी. मग फरक कोठे आहे? हुल्सेन हा पदावर बसलेला माणूस होता. त्याच्या आधी ते पद होते, त्याच्या नंतरही राहिले. अंदाजपत्रक, पगारपत्रक, इमारत ही त्या पदाची होती. सांगलीत पद नव्हतेच, होती फक्त व्यक्ती. आप्पासाहेबांनी नाटकाला जो आकार दिला तो सरंजामी फौजेचा होता, खड्या फौजेचा नव्हे: सरदाराच्या शब्दावर जमणारी आणि सरदारामागे पांगणारी. तंजावरलाही वेगळे झाले नाही. तेथे सतराव्या शतकाच्या अखेरीस शहाजीराजे भोसले यांनी स्वतः मराठी नाटके लिहिली. पण तंजावरचा दरबार महाराष्ट्रापासून दूर पडला आणि ती नाटके पोथ्यांत बंद राहिली. सांगलीच्या मंडळींना रस्ता धरावा लागला, म्हणून त्यांची परंपरा झाली.

व्यक्तिनिष्ठ संचालनाचे हे रूप संस्थानांबरोबर नाहीसे झाले असे मात्र नाही. ज्या भिलाईला आपण पोलाद कारखान्यामुळे ओळखतो, तिच्या परिसरातील दुर्गजवळच्या बघेरा गावी दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये 'चंदैनी गोंदा' उभे केले. दाऊ म्हणजे तिकडचा मालगुजार, जमीनदार. येथे ना दरबार होता ना तलवार. तरी गायक-वादक-नट गोळा करणे, खुमानलाल साव यांचे संगीत, लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते एका सूत्रात ओवणे, आणि लोकनाट्यातील काय ठेवायचे व काय गाळायचे हे ठरविणे, ही कामे एका घरंदाज माणसाच्या शब्दावर आणि पदरच्या खर्चावर चालली. कानडी खेळातला धांगडधिंगा नको म्हणणारे आप्पासाहेब आणि 'नाचा'ला नवी प्रतिष्ठा देऊ पाहणारे दाऊ यांच्यात सव्वाशे वर्षांचे अंतर असूनही नकाराची जात एकच आहे. त्या नकारात अभिरुची किती आणि वर्गाचा दर्प किती, याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

भाव्यांच्या १८८५ च्या प्रस्तावनेकडे या दृष्टीने पुन्हा वळले पाहिजे. ती आजवर रंगभूमीच्या जन्माची साक्ष म्हणून वाचली गेली. परंतु तिच्यात धन्याविषयीची कृतज्ञता आणि धन्यामागे झालेल्या उपेक्षेची खंत एकमेकांत इतकी गुंतलेली आहे, की पलटण मोडल्यावर थकलेल्या पगाराचा अर्ज लिहिणाऱ्या जुन्या शिलेदाराचा आवाज तिच्यात ऐकू येतो.