विमानप्रवास आणि बरोबरचें औषध

पूर्वीं काशीयात्रेस निघणाऱ्या माणसाच्या पडशींत ओवा, सुंठ व हिरडा यांच्या पुड्या असावयाच्याच. वाटेंत वैद्य भेटेल न भेटेल, म्हणून घरची जाणती बाई त्या बांधून देत असे, आणि त्यांत काय आहे हें विचारण्याचें कोणासहि कारण नसे. आज आपल्या बाभुळगांवचा मनुष्य सकाळीं एस. टी.नें निघाला तर दुपारीं नागपुरास पोंचतो, व मुंबईमार्गें दुसऱ्या दिवशीं समुद्रापलीकडील शहरीं उतरतो. कोणी नोकरीस जातो, कोणी शिक्षणास, तर कोणी आई लेकीच्या बाळंतपणास जाते. औषधाची पुडी पूर्वीसारखीच लहान असते. परंतु तिला आतां उष्णता बाधते, थंडी बाधते आणि परक्या देशाचा कायदाहि बाधतो.

मधुमेहावरील इन्शुलिन या बाबतींत फारच नाजूक. 1921 सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं तें हस्तगत केलें, त्यापूर्वीं हा रोग जडलेलीं मुलें वांचत नसत. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंश सेंटिग्रेडमध्यें ठेवावी लागते. वापरांतील कुपी साध्या खोलींत, 25 ते 30 अंशांपर्यंत, सुमारें चार आठवडे टिकते. आपल्याकडे वैशाखांत पारा 42 च्याहि वर चढतो, आणि बंद मोटारींत तर विचारूंच नये. म्हणजे विमान दृष्टीस पडण्यापूर्वींच, नागपूरच्या वाटेवर, औषधाचा कस जाण्याचें भय! बर्फाची पिशवी अवश्य घ्यावी. मात्र कुपी बर्फास टेकूं देऊं नये, मध्यें जाड फडक्याची घडी असावी. कारण गोठलेलें इन्शुलिन वितळल्यावर पूर्वीसारखें दिसलें तरी त्याचा भरंवसा राहत नाहीं. तें फेकूनच द्यावें लागतें.

विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर गेलें म्हणजे बाहेरची हवा शून्याखालीं 50 अंशांच्या आसपास असते. माणसें बसतात तो भाग उबदार ठेवलेला असतो. खालीं सामानाच्या कोठारांत तितकी शाश्वती नाहीं. शिवाय पेटी कधींकधीं चुकून भलत्याच शहरीं जाते व चार दिवसांनीं हातीं येते. कपड्यांवांचून चार दिवस निघतील. इन्शुलिनवांचून किंवा अपस्माराच्या गोळीवांचून निघत नाहींत. असें असतां कित्येक काळजीवाहू मंडळी औषध मोठ्या पेटीच्या तळाशीं, लोणच्याच्या बरणीशेजारीं, ‘जपून’ ठेवतात. औषधाची जागा हातपिशवींत, आणि तेंहि मुक्कामाच्या दिवसांहून थोडें अधिकच घ्यावें.

2006 सालच्या ऑगस्टमध्यें लंडनहून सुटणारीं विमानें द्रवरूप स्फोटकांनीं उडविण्याचा कट उघडकीस आला. तेव्हांपासून परदेशीं जाणाऱ्या विमानांत हातपिशवींतील द्रव पदार्थांस बहुतेक ठिकाणीं 100 मिलिलिटरची मर्यादा पडली. आवश्यक औषधास सवलत असते. पण तें आपण होऊन बाहेर काढून तपासणाऱ्यास दाखवावें. इन्शुलिनच्या सुया जवळ असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी हवीच.

या चिठ्ठीविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें प्राप्त आहे. आपल्याकडे औषधविक्रेता कात्रीनें पट्टी कापून चारच गोळ्या देतो. गरिबाच्या खिशास ती मोठीच सोय. पण नांव व मुदत छापलेला तुकडा पुष्कळदां दुकानांतच राहतो. कांहीं घरीं वारांचे कप्पे असलेली डबी असते. घरांत ती उत्तम. सीमेवरच्या अधिकाऱ्यास मात्र त्या निनांवी पांढऱ्या गोळ्या कशाच्या हें कसें कळावें? प्रवासांत औषध मूळ वेष्टनांतच असावें. चिठ्ठीवर कंपनीनें ठेवलेलें नांव पुरत नाहीं, तें देशोदेशीं बदलतें. औषधाचें मूळ नांव लिहून घ्यावें. 1950 सालीं जागतिक आरोग्य सभेनें औषधांस सर्वत्र एकच मूळ नांव असावें म्हणून ठराव केला खरा. तरी आपलें पॅरासिटामॉल अमेरिकेंत अजून ॲसिटामिनोफेनच आहे, व दमेकऱ्यांचें साल्ब्युटामॉल तेथें आल्ब्युटेरॉल म्हणून ओळखलें जातें. आणखी एक बारीक गोष्ट. दवाखान्याच्या कागदावर आईचें नुसतें पहिलें नांव व पुढें ‘बाई’, आणि पासपोर्टवर पूर्ण नांव, अशी तफावत नसावी.

आतां कायद्याकडे वळूं, आणि येथेंच आपल्या भागाचा विशेष संबंध येतो. विदर्भांत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. या रोगांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात व असह्य वेदना उठतात. विमानांतील हवेचा दाब 6 ते 8 हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितकाच असतो. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारें 5,400 फूट. म्हणजे विमानांतला प्रवासी तिच्याहि माथ्यावर बसलेला असतो! प्राणवायु कमी, हवा कोरडी. निरोग्यास त्याचें कांहीं वाटत नाहीं, परंतु सिकलसेलच्या रुग्णानें निघण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें, वाटेंत वरचेवर पाणी प्यावें आणि वेदनाशामक हाताशीं ठेवावें.

अडचण अशी, कीं हें वेदनाशामक कधींकधीं ट्रॅमाडॉल असतें. भारतांतहि 2018 सालापासून तें अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आहे. अरब अमिरातींत तें व कोडीन असलेलें खोकल्याचें औषध नेण्यास आधीं सरकारची परवानगी घ्यावी लागते. जपानांत तर सर्दीच्या कांहीं गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनहि ठराविक प्रमाणापुढें चालत नाहीं. 2017 सालीं एक इंग्रज स्त्री ट्रॅमाडॉलच्या सुमारें 290 गोळ्या घेऊन इजिप्तमध्यें उतरली. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. औषध साथीदाराच्या पाठदुखीसाठीं होतें, हें तिचें सांगणें कामास आलें नाहीं. (जातां जातां: अनारशांवरील खसखस अफूच्या बोंडांतली, म्हणून अमिरातींत तीहि निषिद्ध आहे. दिवाळीचा डबा भरणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.)

गांवांतून कोणी परदेशीं निघाला कीं, ‘तेवढ्या काकांच्या गोळ्या घेऊन जा,’ असा आग्रह होतोच. 2019 च्या जुलैंत मुंबईचें एक तरुण दांपत्य दोहा विमानतळावर उतरलें. नात्यांतील बाईनें दिलेल्या पुडक्यांत सुमारें चार किलो चरस निघाला. आंत काय आहे तें आम्हांस ठाऊक नव्हतें, असें तीं सांगत राहिलीं. दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्यांची मुलगी तुरुंगांतच जन्मली. पुढें भारतांत तपास होऊन खरा प्रकार बाहेर आला व 2021 च्या मार्चमध्यें कतारच्या न्यायालयानें त्यांस निर्दोष सोडलें. दुसऱ्याचें पुडकें, मग तें औषधाचें कां असेना, नाकारण्यांत संकोच कसला?

परवानगीच्या अर्जास दिवस लागतात. तेव्हां तिकिटाबरोबरच त्या देशाचा नियम त्याच्या वकिलातींत विचारून घ्यावा. वेळेचाहि प्रश्न आहे. दुबईचें घड्याळ आपल्या मागें दीड तास, न्यूयॉर्कचें साडेनऊ किंवा साडेदहा. रात्रीची गोळी नेमकी केव्हां घ्यावी, इन्शुलिनचें प्रमाण कसें बदलावें, याचा तक्ता डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. आणि पोंचेपर्यंत एक घड्याळ भारताच्या वेळेवरच चालूं द्यावें.